काटगव्हाणचा हिरवा ठिपका

"गिरजे, तुझ्या त्या आर्द्रानं आम्हाला पास केलंय का नापास, तेवढं सांग."

आबांनी फोनवर इकडतिकडचं काही न विचारता थेट मुद्द्याला हात घातला, तेव्हा गिरिजा क्षीरसागर राज्य दुष्काळ विश्लेषण केंद्रात बसून त्याच प्रश्नाचं उत्तर पडद्यावर बघत होती. २०४१ चा श्रावण अर्धा सरला होता. मराठवाड्याच्या नकाशावर लाल-नारिंगी डाग पसरले होते आणि त्यांच्या मधोमध, बालाघाटाच्या डोंगरात, एक ठिपका हिरवागार होता. तो ठिपका म्हणजे काटगव्हाण, तिचं माहेर.

"पास," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हणजे गाव सावरलेलं आहे. टँकरच्या यादीत नाव नाही."

आबा म्हणाले, "सोयाबीनच्या काड्या झाल्यात. हिरीत खडक दिसायलाय. आन् सावरलेलं? कोणाच्या बानं सावरलं?"

आर्द्रा हे यंत्र बनवणाऱ्यांत गिरिजा स्वतः होती. आणि तिच्या वडिलांसारखा, वैजनाथ गुरवांसारखा माणूस, जो देवासमोरही खोटं बोलत नाही आणि देवाची भीडही ठेवत नाही, तो विहिरीबद्दल उगाच सांगणार नव्हता.

पूर्वी दुष्काळ मोजायची रीत सोपी होती. यंदाचा पाऊस किती, सरासरी किती, करा वजाबाकी. हवामान बिघडत गेलं तसा हा हिशेब फसायला लागला. वर्षाचा पाऊस कागदावर पुरेपूर भरायचा, पण तो मोजक्या झोडपणाऱ्या दिवसांत पडून वाहून जायचा. मधले कोरडे खंड लांबत गेले आणि तापलेली हवा जमिनीतला ओलावा पूर्वीपेक्षा जास्त ओढून घेऊ लागली. म्हणून आभाळाऐवजी मातीलाच विचारायचं ठरलं. उपग्रहांना वरून बोटभर थरापलीकडचं दिसत नसे, तेव्हा मुळांजवळ काय चाललंय ते कळावं म्हणून गावोगाव जमिनीत ओलावामापक पुरले गेले. आर्द्रा या दोन्हींची सांगड घालायची आणि प्रत्येक महसूल मंडळाचा, म्हणजे दहा-पंधरा गावांच्या गटाचा, कल काढायची. कोरड्या खंडानंतर इथली माती किती वेगानं सावरते? आणि वर्षागणिक तो वेग वाढतो आहे की घटतो आहे?

ज्या मापकाची नोंद अखंड, त्याच्यावर आर्द्राचा विश्वास जास्त. इथंच काटगव्हाणनं बाजी मारली होती. आसपासच्या गावांतले मापक कुणी सौरपट्टीसाठी उपटून नेले, कुणाच्या वायरी शेळ्यांनी खाल्ल्या, एकावर तर एका बहाद्दरानं गोठाच बांधला. काटगव्हाणचा मापक मात्र बारा वर्षं अखंड चालू होता, कारण नोकरी लागल्या लागल्या गिरिजानं तो स्वतःच्या हातानं महादेवाच्या देवळामागं पुरला होता. देवाच्या आवारातल्या वस्तूला हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती. शिवाय देवळाचे गुरव तिचे वडीलच. पोरीचं यंत्र म्हणून आबा रोज त्यावरची धूळ पुसायचे.

त्या मापकानं एक अजब गोष्ट दाखवली होती. पाऊस नसतानाही काटगव्हाणची माती मध्येच ओली व्हायची, आणि दर वर्षी अधिक वेळा व्हायची. केंद्राचे संचालक डॉ. श्रीरंग हर्डीकर यांनी त्यातून सिद्धांत मांडला की जमीन खालच्या थरांतून पाणी वर खेचायला शिकते आहे, बदलत्या हवामानाशी जुळवून घेते आहे. परिषदांतून टाळ्या पडल्या. शासनाला तर हा शोध इतका आवडला की 'सावरलेल्या' मंडळांचा टँकरचा हक्क त्यानं शेवटच्या रांगेत नेऊन ठेवला. स्वतःहून सावरणाऱ्या जमिनीला पाणी पाठवायचं कशाला, असा सरळ विचार.

त्या रविवारी गिरिजा नवा मापक पिशवीत घालून काटगव्हाणला गेली. जुना बिघडला असेल, बदलून टाकू, प्रश्न मिटेल, एवढीच तिची आशा होती.

वाटेवरच्या शेतांत सोयाबीन गुडघाभर उंचीवरच करपलं होतं. बांधावरच्या बोरीसुद्धा मान टाकून होत्या. देवळाशी गाडी थांबवली तर समोर बायकांची रांग. प्रत्येकीच्या डोक्यावर घागर, आणि दारात उघड्या अंगानं आबा उभे.

महादेव कोंडायचं काम चाललं होतं.

पाऊस ओढ देतो तेव्हा काटगव्हाण आपल्या देवाला कोंडतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी चिखलाची पाळ घालायची, पाणी बाहेर जाणाऱ्या गोमुखात चिंध्यांचा बोळा कोंबायचा आणि घरटी घागर ओतून पिंड बुडवायची. पाणी उतरलं की पुन्हा भर घालायची. पाऊस आल्याशिवाय देवाला सोडायचं नाही. देवाचा जीव गुदमरला की तो आभाळाला हाक मारतो, अशी समजूत. गिरिजानं लहानपणी परकर सावरत घागर ओतली होती. पण तेव्हा हे चार-पाच वर्षांतून एखाद्या वेळी व्हायचं. पुढं ती वसतिगृहात गेली, मग शहरात, आणि सणावाराला आली की देव मोकळाच दिसायचा.

"आबा," तिनं जवळ जाऊन विचारलं, "यंदा कितव्यांदा कोंडलात?"

"तिसऱ्यांदा. मागल्या साली दोनदा. आता काय, दर खंडाला कोंडावंच लागायलंय." आबांनी कपाळावरचा घाम पुसला. "देव बी कटाळला आसंल."

गिरिजा देवळामागं गेली. जुन्या दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं. भिंतीलगतची माती काळीभोर झाली होती, तिथं दूर्वा माजल्या होत्या आणि एक कोंबडी मजेत उकरत होती. आणि त्या ओल्या मातीच्या बरोबर मध्यात, हळद-कुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून, तिचा मापक उभा होता. तिनं नवा मापक शेजारी खोचून पाहिला. दोन्हींचे आकडे सारखे आले. जुन्यात कसलाच बिघाड नव्हता.

ती तिथंच दगडावर बसली. तिला हसू येत होतं आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखंही झालं होतं. आर्द्राला एवढंच दिसत होतं की खंड पडतो, माती वाळते आणि मग अचानक मुळांपर्यंत भिजते. दुष्काळ जितका कडक, तितका देव जास्त वेळा कोंडला जाई. देव जितका कोंडला जाई, तितकं गाव सावरलेलं दिसे. परिषदांतून गाजलेली ती वर चढणारी रेघ म्हणजे काटगव्हाणच्या बायकांनी डोक्यावरून वाहिलेल्या घागरी होत्या.

तिनं आबांना मागं बोलावून सगळं समजावलं. आबा ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी आम्ही देवाकडं पाणी मागायलो," ते सावकाश म्हणाले, "आन् त्याच पाण्यानं आमचा टँकर आडला?"

"तुमचा एकट्यांचा नाही. मंडळातली चौदाच्या चौदा गावं. बाकीच्यांचे मापक बंद आहेत, म्हणून यंत्र काटगव्हाणवरूनच सगळ्यांचं ठरवतं."

"उपट ते!" आबा एकदम ओरडले. "आत्ताच्या आत्ता उपट! मीच फूल वाहत होतो रे देवा त्याच्यावर."

"उपटून काही होणार नाही, आबा. बारा वर्षांच्या नोंदी आर्द्राच्या पोटात आहेत. त्या खोट्या ठरवायला पाहिजेत. आणि चूक तुमची नाही. पाणी कुठून येतं हे विचारायचं काम माझं होतं."

सोमवारी सकाळी ती डॉ. हर्डीकरांच्या खोलीत उभी होती. वाईट माणूस नव्हता तो. गिरिजाला त्यांनीच घडवलं होतं, तिच्या लग्नात आहेर म्हणून पर्जन्यमापक दिला होता. तिनं देवळामागं काढलेले फोटो त्यांनी पाहिले आणि चष्मा काढला.

"तू म्हणतेस ते खरं असेल," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी हे मापकाचं स्थानक वगळू."

"पुढच्या वर्षी? सर, यादी उद्या पक्की होते आहे. विहिरीत दहा दिवसांचंसुद्धा पाणी नाही."

"आणि उद्याच्या बैठकीत मी काय सांगू? की राज्याचं पाणीधोरण एका पिंडीवर उभं आहे? पुरावा काय तुझ्याकडे? ओली भिंत? मातीत ओलावा आहे हे यंत्र सांगतंय. तो गाभाऱ्यातून आला की खालच्या थरातून, हे फोटोवरून कोण ठरवणार?"

"मी ठरवून दाखवते."

"स्थानकाला हात लावायचा नाही, गिरिजा. नोंदींशी छेडछाड हा गुन्हा आहे. नोकरी जाईल आणि मी वाचवायला येणार नाही."

गिरिजाला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. बारा वर्षं ज्यांच्याकडून ती शंका घ्यायला शिकली होती, तेच तिला शंका गिळून टाकायला सांगत होते.

"स्थानकाला मी बोटसुद्धा लावणार नाही, सर," ती म्हणाली. "पण गावानं देवाला पाणी घालायचं की नाही, हे आपल्या केंद्राच्या अखत्यारीत येत नाही ना?"

तिनं बाहेर येऊन गावी फोन लावला.

संध्याकाळी लिंबाखाली गाव जमलं. रविवारचं पाणी तोवर झिरपून गेलं होतं, गाभारा निम्मा रिकामा झाला होता. गिरिजानं फोनवरून काय हवं ते सांगितलं: उद्या सकाळपासून देव काठोकाठ कोंडायचा आणि दुपारपर्यंत भर घालत राहायची. किती पाणी लागेल तेही तिनं लपवलं नाही. विहिरीतलं जवळजवळ सगळंच.

एका बाईनं तान्ह्या पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. पिण्याचं पाणी ओतून टाका असं सांगणारी, कितीही गावची लेक असली तरी राहते शहरात. तिच्या नळाला पाणी येतं.

"आन् तुझं नाही जमलं तर?" कुणीतरी विचारलं.

"तर परवापासून प्यायला पाणी नाही," गिरिजा म्हणाली. "खोटं सांगत नाही. पण गप्प बसलो तर दहा दिवसांनी तेच होणार आहे. आणि पुढच्या वर्षी. आणि त्याच्या पुढच्या."

मग सरपंच कौसल्या तांदळे यांचा भरड आवाज आला. सगळा गाव त्यांना कौसाक्का म्हणतो.

"पाणी आमचं, देव आमचा, आन् दुष्काळ बी आमचाच हाय. तुमच्याकडं दुष्काळच नाही म्हणणारं हे यंत्र कोण टिक्कोजीराव लागून गेलं? माझ्या घरच्या दोन घागरी धरा. वैजूआबा, तुमचं काय म्हणणं?"

सबंध आयुष्य आबांनी देवाला मागण्यासाठी कोंडलं होतं. कुणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी देव वापरायचा, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

"मागायला कोंडला, तवा तर कधी धड पावला नाही," ते शेवटी म्हणाले. "आता साक्षीला उभा करू. बघू तरी खरं बोलतो का."

मंगळवारी विभागीय बैठकीचं सभागृह गच्च भरलं होतं. भिंतीवर आर्द्राचा नकाशा जिवंत दिसत होता. नवी नोंद आली की ठिपके रंग बदलत होते. काटगव्हाणचा ठिपका आज फिकट पोपटी होता. समोर सचिव बाई बसल्या होत्या. त्या कमी बोलणाऱ्या आणि ऐकताना पेन खाली ठेवणाऱ्या होत्या. डॉ. हर्डीकरांनी बोलायला सुरुवात करण्याआधीच मागच्या रांगेतून गिरिजा उभी राहिली.

"मॅडम, एक मिनिट. आज काटगव्हाणला ऊन आहे, रडारवर तिथं ढगाचा मागमूसही नाही. तरी दुपारच्या आत तिथली माती भिजेल आणि आर्द्रा मंडळातले टँकर आणखी कमी करायला सांगेल. हे मी आधीच सांगून ठेवते आहे. नोंद करून घ्या."

सभागृहात कुजबुज झाली. "गिरिजा, खाली बसा," हर्डीकर म्हणाले. "अहो-जाहो"वर आले, म्हणजे संतापले होते.

ती बसली. बैठक चालू झाली. एकेक मंडळ पुकारलं जात होतं, शिक्का पडत होता. वेळ जात होता आणि ठिपका हलत नव्हता. कुणीतरी मागे वळून तिच्याकडे बघत हसलं. पाणी दुसरीकडूनच पाझरलं तर? त्या दगडांच्या भरवशावर तिनं गावाच्या तोंडचं पाणी ओतायला लावलं होतं. तिला कौसाक्कांच्या दोन घागरी आठवल्या आणि ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात मंडळ पुकारलं गेलं.

"काटगव्हाण. स्थिती, सावरलेली. टँकर नाही."

"थांबा," सचिव बाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो पोपटी ठिपका हिरवा झाला, मग गडद हिरवा. त्याच्याभोवतीची तेरा गावंही एकामागोमाग हिरवी होत गेली. पडद्यावर सूचना उमटली: मुळांच्या थरात भरपूर ओलावा. मंडळ सुस्थितीत. पाणीपुरवठा शेजारच्या मंडळांकडे वळवावा.

कुणी हसलं नाही. गिरिजानं गावी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सभागृहाच्या पडद्याला जोडला. पडद्यावर आबा दिसले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. त्यांच्यामागं पांढरंफटक आभाळ होतं आणि भिंतीलगत चिखल.

"आबा, पाऊस आहे का तिकडं?"

"कसला पाऊस? पाखराला सावली नाही. सकाळपासनं साऱ्या गावाचं प्यायचं पाणी देवाच्या डोक्यावर वतलंय. हे बघा." त्यांनी फोन फिरवला. घागरी घेतलेल्या बाया, काठोकाठ भरलेला गाभारा, सांध्यांतून पाझरणारं पाणी आणि त्यात उभा असलेला, हळद-कुंकवानं माखलेला मापक. "सायब लोकहो, हाच आमचा सावरलेपणा."

सचिव बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "हे एक स्थानक काढलं तर तुमची रेघ कशी दिसते?"

हर्डीकर उभेच होते. गिरिजाला वाटलं, ते आता काहीतरी पळवाट काढतील. पण ते तिच्याकडे वळून थकलेल्या आवाजात म्हणाले, "काढा, गिरिजा. सगळ्यांसमोर काढा."

तिनं स्थानक वगळलं. आर्द्रा क्षणभर अडखळली, मग उरलेल्या तुटक नोंदी आणि उपग्रहांचे आकडे घेऊन तिनं बारा वर्षं नव्यानं मांडली. वर चढणारी रेघ मोडली आणि खाली वळली. ती उतरत उतरत यंदाच्या सालापाशी तळाला टेकली. हिरवी चौदा गावं लाल झाली. राज्यभरात जिथं जिथं आर्द्रानं काटगव्हाणवरून शिकून गावं 'सावरलेली' ठरवली होती, तिथं तिथं लाली पसरत गेली. जमीन काहीही शिकली नव्हती. ती दर वर्षी थोडी थोडी मरत होती आणि केंद्र तिच्या नावानं टाळ्या घेत होतं.

"काटगव्हाण मंडळ यादीत पहिलं," सचिव बाई म्हणाल्या. "टँकर आजच निघतील. बाकीची यादी थांबवा. सगळी पुन्हा काढायची." मग गिरिजाकडे वळून: "तुम्ही गावाचं पाणी ओतायला लावलंत. नाही जमलं असतं तर?"

"तर मीही तिथंच राहायला जाणार होते, मॅडम. त्यांच्यातच."

बाहेरच्या व्हरांड्यात येऊन तिनं फोन कानाला लावला.

"आबा, झालं. यादीत आपण पहिले."

पलीकडे एकच गलका उठला. कौसाक्का कुणाला तरी शिव्या देत हसत होत्या. आबा त्या गलक्यातूनच बोलले.

"मग आता सोडू का देवाला? दमला आसंल बिचारा. पाणी जनावरांना तरी होईल."

गिरिजा सोडा म्हणणारच होती. पण बारा वर्षं कागदावर सावरलेलं गाव तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आदेश निघाला होता, टँकर अजून निघायचा होता.

"नको, आबा. टँकर वेशीच्या आत आल्याशिवाय सोडू नका."

आबा मोठ्यानं हसले. मग त्यांनी फोन कानाशी तसाच धरून देवळाकडं हाळी दिली, "ए, गोमुखाचा बोळा काढू नका गं कोणी!"